पाण्यावरची तपासणी

(बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटी भागातील मराठी वाचकांपुढे केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाच्या निमित्ताने आपण मला येथे बोलाविले, त्याचा विषय जलप्रवासाची सुरक्षितता हा आहे. त्यातील एका छोट्या प्रकरणापुरतेच मी आज बोलणार आहे. पाण्यावर चाललेली होडी, मचवा किंवा लाँच गस्तीनौकेने थांबविणे आणि तिची तपासणी करणे, एवढाच त्या प्रकरणाचा विषय आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या, बंदर नसलेल्या आणि मोठी नदीही नसलेल्या या नगरीत अशा विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याला दोन उत्तरे आहेत. कोकणच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात एखाद्या मच्छीमार नौकेवर संकट ओढवले आणि तांडेलाने संकटसूचक यंत्राची कळ दाबली, तर तो संदेश उपग्रहामार्फत याच शहरात येतो. इस्रोचे यासंबंधीचे नियंत्रणकेंद्र बंगळुरात आहे. येथून तो संदेश तटरक्षक दलाच्या शोध व बचाव केंद्राकडे जातो आणि मग मदतीची नौका निघते. म्हणजे रत्नागिरीच्या खलाशाची हाक प्रथम आपल्या शहराच्या कानी पडते. दुसरे उत्तर आपल्या अनुभवातले आहे. सप्टेंबर २०२२ च्या पावसात बेळ्ळंदूर, यमलूर या भागांतील रहिवाशांना ट्रॅक्टरवर आणि होड्यांत बसवून बाहेर काढावे लागले. होडीत पाऊल टाकण्याची वेळ कोणावर, कोठे आणि कधी येईल हे आपण समुद्रापासून किती दूर राहतो यावर अवलंबून नसते. शिवाय सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळजण घारापुरीला, मांडव्याला, मालवणला, कारवारला जातातच.

आता मूळ विषयाकडे वळू. अनुवाद करताना मूळ ग्रंथातील एकाच शब्दासाठी मराठीत तीन शब्द समोर उभे राहिले: झडती, पाहणी आणि तपासणी. कोशात ते जवळजवळ बसलेले असले तरी व्यवहारात त्यांच्यामध्ये मोठे अंतर आहे. झडती घेतली जाते ती संशयिताची, आणि ती घेणाऱ्याला हवे असते लपविलेले काहीतरी. पाहणी दुरूनही होते. तीत कोणाचे काही बिघडत नाही, आणि पुष्कळदा सुधारतही नाही. तपासणी वैद्य करतो. ज्याची तपासणी व्हावयाची त्याच्या हितासाठीच ती असते, आणि दोष आढळल्यास उपाय सांगण्याचे बंधन तपासणाऱ्यावर येते. गस्तीनौका होडी थांबविते तेव्हा या तिहींपैकी नेमके काय घडते, या प्रश्नातच आजच्या विषयाचे सारे मर्म आहे.

इतिहास पाहिला तर समुद्रावर अडविण्याची प्रथा फार जुनी आहे. परंतु ती झडतीची प्रथा आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. तो जवळ नसलेले गलबत पकडावे व माल जप्त करावा, असा त्यांचा शिरस्ता होता. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकणच्या पाण्यावर आपला हक्क सांगून ‘दस्तक’ मागण्यास सुरुवात केली. इंग्रज कंपनीने तो हक्क मानला नाही, आणि त्यातून उभयतांमध्ये अनेक वर्षे झटापटी झाल्या. यात न्याय कोणाच्या बाजूने होता हा वेगळा विषय आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, गलबत थांबविणाऱ्याचा प्रश्न ‘तू कोणाचा?’ हा होता. ‘तू सुखरूप पोहोचशील ना?’ हे विचारण्याचे त्याला कारणच नव्हते.

हा दुसरा प्रश्न कायद्यात शिरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंग्लंडमधील डर्बीचे संसदसदस्य सॅम्युएल प्लिमसोल यांनी १८७३ साली नाविकांच्या दुःस्थितीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. जुनी, खिळखिळी झालेली जहाजे काठोकाठ भरून समुद्रात लोटावयाची आणि बुडाली तर विम्याची रक्कम पदरात पाडून घ्यावयाची, अशी काही मालकांची रीत त्यांनी उघडकीस आणली. त्यांच्या चळवळीमुळे १८७६ च्या कायद्यान्वये जहाजाच्या अंगावर भाररेषा काढणे बंधनकारक झाले. मात्र ती रेषा कोठे काढावयाची हे त्या कायद्याने मालकावरच सोपविले होते! तिची जागा मालकाखेरीज दुसऱ्याने ठरवावी, ही तरतूद व्हावयास १८९० साल उजाडले. सुरक्षिततेचे माप ज्याला नफा व्हावयाचा त्याच्या हाती ठेवून चालत नाही, हा बोध शिकण्यास चौदा वर्षे लागली.

भाररेषेचे तत्त्व फार सोपे आहे. पाण्याच्या पृष्ठभागापासून बोटीच्या काठापर्यंत जी उंची उरते, ती म्हणजे बोटीची शिल्लक. माणसे आणि सामान वाढत गेले की ही शिल्लक घटते. शांत पाण्यात तिचा काहीच उपद्रव जाणवत नाही. कमी शिल्लक असलेली बोटही तितक्याच ऐटीने चालते. लाट येते तेव्हा हिशेब होतो. त्यातच माणसे वरच्या मजल्यावर चढली तर बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि कललेली बोट पुन्हा सरळ होण्याची तिची ताकद कमी होते. माणसे एका अंगाला धावली, किंवा तळाशी शिरलेले पाणी एका अंगाला वाहिले, की उरलीसुरली ताकदही संपते. बोटी पुष्कळदा काही मिनिटांत उलटतात त्या यामुळे. रस्त्यावर गाडी बिघडली तर ती बाजूला घेता येते. पाण्यावर ‘बाजू’ नसते. म्हणून पाण्यावरची चूक पाण्यावर जाण्यापूर्वी, किंवा फार तर धक्क्याच्या टप्प्यात असतानाच, कोणीतरी दाखवून द्यावी लागते.

महाराष्ट्राने याची जी किंमत मोजली तिचे नाव ‘रामदास’. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते, आणि अमावास्येच्या निमित्ताने गावी निघालेल्या लोकांनी बोट गच्च भरली होती. काशाच्या खडकाजवळ पावसात आणि खवळलेल्या समुद्रात ती कलली, प्रवाशांची धावपळ झाली आणि थोड्याच वेळात ती बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे मुंबईला वार्ता कळण्यास कित्येक तास गेले. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जेवढे वाचविता येतील तेवढे जीव वाचविले. सहाशेहून अधिक माणसे गेली. मी ‘सहाशेहून अधिक’ म्हणते, याचे कारण निरनिराळ्या वृत्तांतांत निरनिराळे आकडे आढळतात. मुंबईसारख्या शहराच्या दाराशी, दिवसाउजेडी, नोंदलेल्या कंपनीची बोट बुडावी आणि तिच्यावर नेमकी किती माणसे होती याविषयी सर्वांचे एकमत होऊ नये, ही गोष्ट मला त्या दुर्घटनेइतकीच भयंकर वाटते.

पुढच्या दुर्घटना पाहिल्या तर हाच धागा हाती लागतो. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या जलाशयात ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट उलटली आणि ४५ पर्यटक मृत्युमुखी पडले. आपल्या कर्नाटकातच, २१ जानेवारी २०१९ रोजी, कारवारजवळच्या कूर्मगड बेटावरील जत्रेहून परतणारी होडी उलटून १६ जण बुडाले. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे २२ जणांचा बळी गेला. मासेमारीच्या होडीत फेरबदल करून ती प्रवासी बोट बनविण्यात आली होती. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावावर सहलीला आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. बहुतेक मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणाच्या जलाशयात, इंदापूर तालुक्यातील कळाशी आणि करमाळा तालुक्यातील कुगाव यांच्या दरम्यान, सोसाट्याच्या वाऱ्यात होडी उलटून ६ जणांचा अंत झाला. जत्रा, सहल किंवा पलीकडच्या गावी जाणे, प्रसंग निरनिराळे असले तरी ही सर्व माणसे साध्या कारणासाठीच निघाली होती. यांपैकी कित्येक ठिकाणी बोटीत परवानगीहून अधिक माणसे घेतलेली होती, आणि कोणीतरी ती धक्क्यावर मोजली असती तर निदान काही माणसे काठावर राहिली असती.

आता गस्तीचे अधिकारी बोट थांबवितात तेव्हा काय पाहतात, ते सांगते. प्रथम नोंदणीचा क्रमांक आणि सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र. दर्यावर्दी जहाजांसाठी मर्चंट शिपिंग कायदा आहे. १९५८ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला. नद्या, खाड्या व जलाशय यांवरील यांत्रिक नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा आला. त्यानंतर सारंगाचा परवाना, प्रवाशांची संख्या, जाकिटे, पाण्यात फेकावयाची तरंगती कडी, आग विझविण्याची साधने, तळातील पाणी उपसण्याचा पंप, भोंगा, रात्रीसाठी डाव्या अंगाला तांबडा व उजव्या अंगाला हिरवा दिवा, संकटसूचक दारूचे बाण आणि बिनतारी संच. खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेवर संकटसूचक यंत्र असावे, हीही अपेक्षा असते. यादी लांब वाटते. परंतु तिच्यातील प्रत्येक वस्तूमागे पूर्वी कोणीतरी बुडालेले आहे.

असे असता या तपासणीबद्दल लोकांत नाराजी का असते? याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. १९९३ च्या स्फोटांसाठी लागलेली स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली होती. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहाजण ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावून आले आणि कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीजवळ रबरी होडीतून उतरले. त्यानंतर किनाऱ्यावरील गस्त वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली, नौकांची नोंदणी कसोशीने होऊ लागली. हे आवश्यकच होते. परंतु त्याबरोबर पोर्तुगीजांच्या काळातला जुना प्रश्न ‘तू कोणाचा?’ पुन्हा पुढे आला आणि ‘सुखरूप पोहोचशील ना?’ हा प्रश्न मागे पडला. समुद्रावर गस्त घालणारे खाते एक नाही. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, सीमाशुल्क विभाग, मत्स्यव्यवसाय खाते, सागरी मंडळ, प्रत्येकाचा अधिकार वेगळा. तीच कागदपत्रे वारंवार दाखविताना भरतीची वेळ निघून जाते, बर्फ वितळतो, मासळीचा भाव उतरतो. ज्या कोळ्यांना किनाऱ्याचे डोळे आणि कान म्हणावयाचे, त्यांच्याकडेच संशयाने पाहिले तर ते डोळे मिटतील, हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील एक पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. तेथील तटरक्षक दलाला, विशेष संशय नसतानाही, कोणतीही नौका थांबवून कागदपत्रे व सुरक्षासाधने पाहण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. हा अधिकार फार व्यापक आहे, आणि त्याविषयी तेथेही कुरकुर चालते. परंतु तपासणी झाल्यावर नौकेला तिचा लेखी अहवाल मिळतो, आणि पुन्हा कोणी थांबविल्यास तो दाखविता येतो. याशिवाय तटरक्षक दलाचे स्वयंसेवक मालकाच्या विनंतीवरून विनामूल्य तपासणी करतात. तीत उणिवा आढळल्या तर दंड होत नाही, त्या दुरुस्त कशा कराव्यात एवढेच सांगितले जाते. आणि सारे ठीक असेल तर नौकेवर त्या वर्षाची चिकटपट्टी लागते. म्हणजे झडती आणि तपासणी यांना तेथे दोन वेगळी दारे ठेवली आहेत. आपल्या बंदरांतही हे अशक्य नाही. एका खात्याने लिहून दिलेला अहवाल दुसऱ्याने ग्राह्य धरला आणि मोसमाच्या आरंभी धक्क्यावरच सर्वांची मिळून एक तपासणी झाली, तर समुद्रावर अडविण्याचे प्रसंग कमी होतील आणि जे उरतील त्यांना अर्थ राहील.

तपासणीने सारे अपघात टळतात, असा माझा दावा नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. ही धडक काही बोटीवरील गर्दीमुळे झाली नव्हती. परंतु बोटीला परवानगी होती ८४ प्रवासी व ६ कर्मचारी यांची, आणि तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती, हे नंतर उघड झाले. तिचा परवाना रद्द झाला, आणि प्रवाशांनी जाकिटे घालणे सक्तीचे करण्यात आले. शोधकार्य काही दिवस चालले. एका बालकाचा मृतदेह सर्वांत शेवटी सापडला. बचावाला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो: ‘एकूण किती होते?’ त्याचे उत्तर नसेल तर शोध कोठे थांबवावयाचा हे त्याला कळत नाही, आणि काठावर उभ्या असलेल्या आईबापांना आशा कोठवर धरावयाची हे कळत नाही. अपघात कोणाच्याही दोषाने होवो, माणसे मोजलेली असणे आणि त्यांच्या अंगावर जाकिटे असणे या दोन गोष्टी त्याच्या आधीच ठरून गेलेल्या असतात.

म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती शिरगणती. दिवे, पंप, बिनतारी संच यांतले आपल्याला काही कळत नाही; त्यासाठी जाणकार हवा. परंतु माणसे मोजण्यास कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही. बोटीच्या परवान्यात प्रवाशांची संख्या नमूद असते, आणि ती दर्शनी भागी लावलेली असावी अशी अपेक्षा असते. ती वाचावी, डोकी मोजावीत, आणि संख्या जास्त भरली तर आपण स्वतः उतरावे. ‘पुढच्या फेरीने येतो’ हे तीन शब्द उच्चारावयास फार जड जातात, कारण सोबतची मंडळी आधीच चढलेली असतात, तिकिटाचे पैसे दिलेले असतात, आणि कोणीतरी म्हणतच असतो की, रोज अशीच जाते. रोज अशीच जाते हे खरेच असते. ‘रामदास’ही त्या दिवसापर्यंत रोज जात होती. नंतर मध्येच गस्तीनौकेने थांबविले तर सारंगाबरोबर आपणही कपाळाला आठ्या घालू नयेत. घटकाभर उशीर होईल. आणि अधिकाऱ्याने माणसे न मोजताच बोट सोडून दिली, तर ‘साहेब, मोजा की’ असे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. जो बुडू शकतो, त्याला तपासणी मागण्याचा अधिकार असतो.

समुद्रावर संकट दिसल्यास तटरक्षक दलासाठी १५५४ आणि सागरी पोलिसांसाठी १०९३ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. किनाऱ्यावर जाणाऱ्याने ते टिपून ठेवावेत.

शेवटी, या वसाहतीत काम करणाऱ्या आपणा मंडळींना एक गोष्ट वेगळी सांगावयास नको. आपण लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने तपासल्याखेरीज पुढे जात नाही, आणि त्यात कोणी अपमान मानीत नाही. आपले काम आपल्याच डोळ्यांनी पाहताना त्यातील दोष दिसत नाही, हे आपण धंद्याचा भाग म्हणून स्वीकारले आहे. नाखवा, तांडेल आणि सारंग यांच्याकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. आणि शासनाकडून अपेक्षा आहे ती त्यांना गुन्हेगार न समजता सहकारी समजून ती तपासणी करण्याची. या दोन अपेक्षा पुऱ्या झाल्या तर मूळ ग्रंथातील त्या शब्दासाठी मी निवडलेला मराठी शब्द बरोबर ठरेल. पुस्तकात मी सर्वत्र ‘तपासणी’ असेच लिहिले आहे. पाण्यावरही तीच होत राहो, एवढी इच्छा व्यक्त करते.